वर्षातल्या सात रात्रींचा धनी

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाने हनफी धर्मशास्त्राचा एक मोठा संग्रह करायला घेतला. त्यासाठी ठिकठिकाणचे उलेमा एकत्र आणले आणि त्यांच्या प्रमुखपदी शेख निजाम यांना नेमले. हे शेख निजाम बऱ्हाणपूरचे. ‘फतावा-इ-आलमगिरी’ या नावाने हा ग्रंथ पुढे अदालतींत आणि मदरशांत चालला. नमाजापासून व्यापारापर्यंत सारे त्यात आहे. वाटणीच्या प्रकरणात एक प्रश्न असाही येतो की घर एक, धनी दोन, आणि घराचे तुकडे पाडले तर ते कुणाच्याच कामाचे उरत नाही, तेव्हा काय करावे? उत्तर असे की घर वाटू नये, काळ वाटावा. एक महिना याने राहावे, पुढचा महिना त्याने. या व्यवस्थेला शास्त्रात ‘मुहायात’ म्हणतात.

आज त्याच बऱ्हाणपुरात काळाची वाटणी वेगळ्या वेषात दाराशी येते. इंदूरच्या एखाद्या मॉलमध्ये कूपन भरले जाते, चार दिवसांनी फोन येतो, नवरा-बायको दोघांनी मिळून हॉटेलात यावे असा आग्रह होतो. तिथे दोन तास पडद्यावर डोंगर, दऱ्या आणि समुद्रकिनारे दाखवले जातात. सही केली तरच आजची सवलत मिळेल, असे सांगितले जाते. केळीच्या बागेवर किंवा पॉवरलूमवर उभे राहिलेले एखादे कुटुंब बाहेर पडते ते पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकत घेऊन. त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या घरात अशीच जुनी सदस्यता कपाटात पडून असते. मुले पुण्याला किंवा परदेशात गेली, गुडघे थकले, वार्षिक वर्गणीचे बिल मात्र न चुकता येते, आणि हे कुणीतरी आपल्याकडून घ्यावे अशी त्या घराची इच्छा असते. मग घेणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: टाइमशेअर कंपनीकडून नवे घ्यावे, की दुसऱ्याचे उरलेले?

हा प्रश्न सहसा पैशांच्या भाषेत विचारला जातो, म्हणून आधी पैसेच पाहू. समजा, कंपनीकडून पंचवीस वर्षांसाठी दरवर्षी सात रात्री घेतल्या आणि त्याचे ५ लाख रुपये दिले. हे पैसे ७ टक्के व्याज धरून पंचवीस वर्षांवर समान पसरले, तर वर्षाला सुमारे ४३ हजार पडतात, म्हणजे एका रात्रीचे सहा हजारांहून थोडे अधिक. आता समजा, पंधरा वर्षे उरलेली तशीच सदस्यता कुणाकडून १ लाखाला मिळाली. त्याच हिशेबाने वर्षाला सुमारे ११ हजार, रात्रीला दीड हजारांच्या आसपास. दोघांनाही वार्षिक वर्गणी सारखीच भरावी लागते. खोली तीच, गादी तीच, खिडकीतून दिसणारा डोंगरही तोच. नाव बदलण्याचे शुल्क धरले तरी फरक मोठाच राहतो.

मग हा फरक कशाचा? विक्रीच्या सभागृहाचे भाडे, विक्रेत्यांचे कमिशन, जाहिराती, कंपनीचा नफा, हे सगळे पहिल्या किमतीत असते. दुसऱ्या विक्रीत ते आधीच जळून गेलेले असते. अमेरिकेत तर अवघ्या एका डॉलरला विकायला काढलेले टाइमशेअर सर्रास दिसतात, कारण मालकाला किंमत नको असते, दरवर्षीच्या वर्गणीतून सुटका हवी असते. एखादी वस्तू फुकट द्यायला माणूस तयार आहे आणि तरी घ्यायला कुणी येत नाही, तेव्हा तिला मालमत्ता म्हणावे का? इथे हिशेब संपतो आणि धर्मशास्त्राचा जुना विषय सुरू होतो. वर्षातल्या सात रात्रींचा धनी हा नेमका कशाचा धनी असतो?

काळ वाटून घेण्याची कल्पना कुणा युरोपीय हॉटेलवाल्याने प्रथम काढली, असा समज आहे. आधुनिक धंद्यापुरते ते खरे आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग ही संस्था निघाली. १९७४ साली अमेरिकेत आरसीआय निघाली आणि एकाचा आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून देण्याची सोय झाली. भारतात १९८६ साली स्टर्लिंग आली, १९९६ साली महिंद्रा हॉलिडेज, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले क्लब महिंद्रा. पण मूळ कल्पना याहून फार जुनी आहे आणि ती आपल्याच मातीत खोल रुजलेली आहे.

विज्ञानेश्वराची मिताक्षरा बाराव्या शतकातली, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत लिहिलेली. ते गाव म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. भावाभावांच्या वाटणीत काय वाटू नये याची चर्चा तिथे आहे, आणि त्यात विहीर येते. विहिरीची किंमत काढून ती वाटू नये, तिचा उपभोग पाळीपाळीने घ्यावा, असे विज्ञानेश्वर सांगतो. याच तत्त्वावर खानदेशात पांझरा आणि मोसम नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धत काही शतके चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने पाणी सोडायचे, आणि पाट साफ करायला सगळ्यांनी उतरायचे. पाण्याची पाळी हा तिथे हक्क होता, पण गाळ उपसण्याची पाळीही त्याच हक्काच्या पोटात होती. बऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची राजधानी होते. तेव्हा ही गोष्ट या शहराला परकी नाही.

हनफी शास्त्रकारांनी तर या वाटणीचा किती बारकाईने विचार केला आहे, हे पाहून आदर वाटतो. पाळीने वाटून घेण्याला आधार म्हणून ते कुराणातली सालेह पैगंबरांच्या सांडणीची कथा देतात. समूद लोकांच्या पाणवठ्यावर एक दिवस सांडणी पाणी पिईल, एक दिवस लोक पितील, असा ठराव झाला होता. लोकांना दुसऱ्याची पाळी सोसली नाही, त्यांनी सांडणीला ठार केले आणि त्यांचा नाश झाला. कायद्याच्या पुस्तकात हा दाखला यावा, हे सूचक आहे. पाळीचा गाभा आपल्या दिवशी काय मिळते यात जितका आहे, तितकाच दुसऱ्याच्या दिवशी आपण काय सोडतो यात आहे.

पुढचा मुद्दा आजच्या टाइमशेअर घेणाऱ्याने जरूर वाचावा असा आहे. पाळीने वाटलेल्या घरात ज्याची पाळी असेल त्याने स्वतः राहावे किंवा ते भाड्याने द्यावे. करारात तसे लिहिलेले असो वा नसो, तो हक्क त्याला आहे. पण दोघांनी एकच घर पाळीपाळीने भाड्याने द्यायचे ठरवले आणि एकाच्या पाळीत भाडे जास्त आले, दुसऱ्याच्या पाळीत कमी, तर वरचे जे उत्पन्न आहे ते दोघांनी वाटून घ्यावे. का? तर काळाचे तुकडे दिसायला सारखे असले तरी मोलाने सारखे नसतात, आणि भागीदारीत समतोल राहिलाच पाहिजे. दिवाळीतला महाबळेश्वरचा आठवडा आणि भर जुलैतला आठवडा यांचे मोल एक नव्हे, हे त्या शास्त्रकारांना वेगळ्या उदाहरणांतून उमगले होते.

आजच्या धंद्याने हा प्रश्न हंगामांना रंग देऊन सोडवला. क्लब महिंद्राच्या सदस्यतेत जांभळा, लाल, पांढरा, निळा असे हंगाम असतात आणि किंमत त्याप्रमाणे चढते-उतरते. हे प्रामाणिकच आहे. ज्याला दिवाळी हवी त्याने जास्त द्यावे. पण यात एक गोष्ट हरवते. मुहायातीत समतोल राखणारे दोघेही घराचे धनी आहेत. एकाला व्यवस्था जाचू लागली तर तो काझीकडे जाऊन म्हणू शकतो की आता घराचीच वाटणी करून द्या, आणि घर वाटण्याजोगे असेल तर काझीला ते ऐकावे लागते. फडातला शेतकरीही बंधाऱ्याच्या बैठकीत बोलू शकतो. टाइमशेअरच्या सदस्याला खोलीच्या भिंतीवर हक्क नसतो, शेजारच्या आठवड्याचा सदस्य कोण हे त्याला ठाऊक नसते, आणि पुढच्या वर्षी वर्गणी किती वाढेल हे तो ठरवत नाही. त्याला पाळी मिळाली आहे, पण ज्यांच्याबरोबर पाळी वाटायची ती माणसे मात्र मिळालेली नाहीत. या सगळ्या व्यवहारातली खरी उणीव हीच आहे, आणि नवे घ्या की जुने, ती तशीच राहते.

कंपनीच्या बाजूनेही हे नाते साधे नाही. सदस्याकडून आज घेतलेली पूर्ण रक्कम आजचे उत्पन्न धरायची का, हा वाद प्राप्तिकर खाते आणि महिंद्रा हॉलिडेज यांच्यात झाला. २०१० साली चेन्नईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने कंपनीचे म्हणणे मान्य केले: पैसे आज आले असले तरी सेवेचे बंधन पुढची कित्येक वर्षे मानेवर आहे, तेव्हा सगळे पैसे एकाच वर्षाचे उत्पन्न ठरत नाहीत. कर वाचवण्याचा वाद होता खरा, पण त्यातून एक सत्य कायद्याच्या भाषेत नोंदले गेले. कंपनी इथे वस्तू विकत नाही, वचन विकते. टाइमशेअर घेणारा पंचवीस वर्षे दुसऱ्याच्या शब्दाचा धनको असतो.

वचन तिसऱ्याला विकता येते का? आपल्या देवळांनी या प्रश्नाशी शतकानुशतके झुंज घेतली आहे. पुजेच्या पाळ्या वारसांत वाटल्या गेल्या, गहाण पडल्या, विकल्या गेल्या. कालीघाटच्या कालीमंदिरातल्या पाळ्यांच्या विक्रीचा वाद पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कलकत्ता उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने रूढीने ठरलेल्या मर्यादित वर्तुळातली विक्री मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अंगुरबाला मल्लिक खटल्यात म्हटले की सेवायताचे, म्हणजे देवाची सेवा आणि व्यवस्था पाहणाऱ्याचे, पद हे कर्तव्य आणि मालमत्ता यांचे मिश्रण आहे. एक बाजूला काढून दुसरी उरवता येत नाही. मर्यादित वर्तुळाची अट याच विचारातून समजते. पाळी विकायची तर अशाला विका, जो दिवा लावील, नैवेद्य दाखवील.

त्या अटीचे भान सुटले की काय होते, हे महाराष्ट्राने पंढरपुरात पाहिले. विठ्ठलासमोरच्या दिवसाच्या उत्पन्नाचा हक्क बडव्यांमध्ये लिलावाने जाऊ लागला. ज्याने तो दिवस बोली लावून घेतला, त्याचे लक्ष देवापेक्षा दक्षिणेवर गेले, आणि त्याची झळ दारात उभ्या असलेल्या वारकऱ्याला लागली. नाडकर्णी आयोगाने या कारभाराची चौकशी केली, १९७३ साली पंढरपूर मंदिरे कायदा झाला, आणि कोर्टकचेऱ्यांचा लांबलचक प्रवास होऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर शिक्कामोर्तब केले. काळाचा तुकडा कर्तव्यापासून सुटा झाला आणि फक्त उत्पन्नाचे साधन उरला, की तो कुणाच्या तरी मुळावर येतो. पंढरपुरात तो वारकऱ्याच्या मुळावर आला.

सुट्टीच्या रात्रींच्या बाबतीत तो मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मुळावर आला, आणि तोही आपल्याच मुंबईतून. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातल्या ‘रूम नाइट्स’ विकल्या. घेणाऱ्याला सांगितले जाई की या रात्री वापरा, किंवा वापरू नका. मुदत संपली की ठरलेली वाढीव रक्कम परत घ्या. महाराष्ट्रातल्या गावागावांत ओळखीच्या एजंटांमार्फत हे घराघरांत पोचले. शिक्षक, गिरणीतून निवृत्त झालेले कामगार, भाजीविक्रेत्या बायका यांनी महिन्याकाठी पैसे टाकले. या रात्रींत झोपायचे आहे असे फार थोड्यांच्या मनात होते. सेबीने २०१४ साली कंपनीला पैसे गोळा करायला मनाई केली. २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात सेबीने म्हटले की हा टाइमशेअर नाही, नोंदणीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, आणि ५१ लाखांहून अधिक लोकांचे ७,००० कोटींहून अधिक रुपये परत करायला सांगितले. २०१७ साली रोखे अपील न्यायाधिकरणानेही हा निर्णय उचलून धरला. त्यानंतरही वर्षानुवर्षे लोक कागद घेऊन मोर्चे काढत, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले.

या प्रकरणाकडे केवळ फसवणूक म्हणून पाहिले तर त्यातला अधिक दुखरा भाग निसटतो. जी रात्र कुणी कधी राहणार नाही, ती लाखो लोकांनी विकत घेतली. रात्र निव्वळ नाव होते. देवाणघेवाण होती ती वाढीच्या आशेची. त्या आशेला लोभ म्हणून हिणवणे हा अन्याय ठरेल. ज्याच्याकडे पेन्शन नाही, ज्याच्या बँकेत व्याज घटत चालले आहे, त्याने ओळखीच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. पाप विश्वास ठेवणाऱ्याकडे जात नाही, त्या विश्वासाचा व्यापार करणाऱ्याकडे जाते. आणि म्हणूनच टाइमशेअर घेताना पहिली कसोटी अगदी साधी आहे: या रात्री घेणारा खरोखर तिथे राहणार आहे का? उत्तर ‘नाही, पण पुढे विकून पैसे येतील’ असे असेल, तर तो व्यवहार सुट्टीचा राहिलाच नाही.

राहणार असेल, तर मग नवे की जुने या प्रश्नाला अर्थ येतो. आणि इथे स्मृतिकारांचे दोन नियम विलक्षण ताजे वाटतात.

पहिला नियम पश्चात्तापाचा. खरेदी किंवा विक्री केल्यावर मन फिरले तर दहा दिवसांच्या आत वस्तू परत देता-घेता येईल, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. नारदाने याहून कडक हिशेब दिला: त्याच दिवशी परत केली तर पूर्ण पैसे, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. युरोपीय संघाने १९९४ साली टाइमशेअरसाठी खास निर्देश काढला तेव्हा घेणाऱ्याला कारण न देता माघार घ्यायला दहा दिवस दिले. २००८ साली ते चौदा केले. सभागृहात दोन तास बसवून, आजच सही करा म्हणत घेतलेला होकार हा पूर्ण होकार नसतो, हे मनूच्या काळीही कळत होते आणि ब्रसेल्समध्येही कळले. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. करारात माघारीचे जे कलम असेल त्यावर आणि ग्राहक आयोगावर भिस्त. घेणाऱ्याच्या मनाला निवांत रात्र न देणारा विक्रेता धर्माच्या विरुद्ध वागतो, मग त्याचे रिसॉर्ट कितीही देखणे असो. दुसऱ्या हाताच्या खरेदीत निदान ही घाई नसते. कपाटातली सदस्यता उद्याही तिथेच असते.

दुसरा नियम कमी किमतीचा आहे आणि तो दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला सावध करतो. ज्याची वस्तू नाही त्याने ती विकणे, हा स्मृतींत स्वतंत्र गुन्हा आहे. याज्ञवल्क्य सांगतो की लपूनछपून, भलत्या वेळी, लायकी नसलेल्या माणसाकडून किंवा फार कमी किमतीला घेतले, तर घेणाराही चोर ठरतो. टाइमशेअरच्या फेरविक्रीत ही भीती पुस्तकी नाही. विकणाऱ्याच्या नावावर सदस्यता खरोखर आहे का, वर्गणी थकली आहे का, किती वर्षे उरली, किती रात्री आधीच वापरून झाल्या, नव्या माणसाच्या नावावर करायला कंपनी राजी आहे का, हे कंपनीच्या लेखी उत्तराशिवाय कळत नाही. शिवाय काही सवलती मूळ सदस्यापुरत्याच असतात. डिस्नेच्या टाइमशेअर योजनेत १९ जानेवारी २०१९ पासून दुसऱ्या हाताने घेतलेल्या जुन्या रिसॉर्टांच्या सदस्यतेवर रिव्हिएरा या नंतरच्या रिसॉर्टमध्ये राहता येत नाही. तिथे पाळी विकली जाते, पण तिचा एक भाग वाटेतच गळतो.

मधल्या दलालांचा धोका तर त्याहून मोठा. ‘तुमचे टाइमशेअर विकून देतो, आधी शुल्क भरा’ असे सांगून थकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटणाऱ्या टोळ्या जगभर आहेत. म्हणूनच युरोपच्या २००८ च्या निर्देशाने विक्री पुरी होण्याआधी दलालाने पैसे घेण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे असा नियम यायला हवा, आणि लवकर यायला हवा.

हे झाले घेणाऱ्याच्या रक्षणाचे. विकणाऱ्याचे काय? फेरविक्रीचा बाजार बऱ्याच अंशी गरजेचा बाजार आहे. आजारपण, म्हातारपण, मुलाचे शिक्षण, धंद्यातली खोट, यांपैकी काहीतरी मागे असते. अशा माणसाकडून पडेल त्या भावाने घेणे कायद्याने चूक नाही. पण न्याय्य आहे का?

याचे उत्तर बऱ्हाणपूरच्या इतिहासात एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी इथे वारली. तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या बागेत तिला दफन केले गेले आणि सुमारे सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले. आग्र्यात कबरीसाठी निवडलेली जागा आमेरच्या राजा जयसिंहाची होती, पणजोबा मानसिंहाकडून आलेली. जयसिंह ती फुकट द्यायला तयार होता; बादशहापुढे दुसरे काय म्हणणार? तरी शाहजहानने बदल्यात सरकारी हवेल्या दिल्या, आणि २८ डिसेंबर १६३३ च्या फर्मानात त्याची नोंद आहे. दरबारी इतिहासकार लाहोरीने कारणही सांगितले आहे: धर्माच्या कामात विशेष काळजी घ्यावी लागते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’चा फायदा घेऊ नये, एवढे भान त्या सर्वशक्तिमान माणसाने त्या एका प्रसंगी राखले. तोच जयसिंह, शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा, १६६७ साली बऱ्हाणपुरातच वारला. शहराजवळ तापीकाठी त्याची छत्री आजही आहे.

दुसऱ्या हाताने टाइमशेअर घेणाऱ्या बऱ्हाणपुरातल्या कुटुंबासाठी हा दाखला फार दूरचा नाही. १ लाखाची वस्तू ४० हजारांत मिळते कारण समोरचा अडला आहे, हे दिसत असेल, तर उरलेल्या वर्षांचा आणि वर्गणीचा हिशेब मांडून जो भाव निघतो तो द्यावा. आणि विकणाऱ्यानेही आपले ओझे लपवून दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. वर्गणी गेल्या पाच वर्षांत कशी वाढली, सुट्टीच्या दिवसांत खोली मिळायला किती महिने आधी धडपडावे लागते, हे स्वतःहून सांगावे. माल सदोष आहे हे माहीत असून न सांगता विकणे हनफी शास्त्रात हराम आहे आणि घेणाऱ्याला तो परत करण्याचा हक्क आहे. ओसरीवर बसून दोन शेजाऱ्यांनी बिलांचे कागद पुढ्यात ठेवून केलेला व्यवहार सभागृहातल्या सहीपेक्षा कधीही शुद्ध असतो, कारण तिथे दोन्ही माणसे एकमेकांना उद्याही भेटणार असतात. पाळीच्या जुन्या व्यवस्थेतला जो माणुसकीचा भाग नव्या धंद्यात हरवला, तो थोडाफार इथेच परत मिळतो. या कारणासाठी, केवळ स्वस्ताईसाठी नव्हे, दुसऱ्या हाताची खरेदी अधिक योग्य वाटते.

अर्थात तिसरी वाटही आहे: काहीच न घेणे. जैन साधू ज्याच्या घरी उतरतो त्या घरधन्याला शय्यातर म्हणतात. त्याची परवानगी घेतल्याशिवाय तिथे राहायचे नाही, आणि त्याच्याकडची भिक्षाही घ्यायची नाही, की एकाच माणसावर दोन भार पडू नयेत. प्रवासाकडे अशा नजरेने पाहणारी माणसे या प्रदेशातून पिढ्यान् पिढ्या चालत गेली. संसारी माणसाला तो नियम लागू नाही आणि लागू करूही नये. वर्षभर लूमच्या खडखडाटात काम करणाऱ्याला आठवडाभर थंड हवेत निवांत बसावेसे वाटले, तर त्यात गैर काय? प्रश्न इतकाच की त्या आठवड्यासाठी पंचवीस वर्षांचे वचन बांधायची गरज आहे का. जो कुटुंबप्रमुख दरवर्षी एकाच सुमारास, आधी ठरवून, हटकून बाहेर पडतो त्याला ती असू शकते. ज्याचा धंदा केळीच्या भावावर हलतो आणि सुट्टी ऐनवेळी ठरते, त्याला ती क्वचितच असते. त्याने साध्या हॉटेलात खोली घ्यावी.

आणि मुलांचे काय? मुहायात धन्याच्या मृत्यूने मोडत नाही, वारस तीच पुढे चालवतात. टाइमशेअरच्या करारातही वारसाचे कलम असते, आणि ते सहीच्या वेळी कुणी वाचत नाही. हिंदू घरांत बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानले जाई; जुगाराचे आणि दारूचे कर्ज तेवढे शास्त्राने वगळले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने, नव्या कर्जांपुरते हे बंधन न्यायालयात लागू करता येत नाही. तेव्हा पंचवीस वर्षांच्या करारावर सही करायला बसलेल्या बापाने मुलामुलींना शेजारी बसवून दोन गोष्टी विचाराव्यात: पंधरा वर्षांनी ही वर्गणी तुम्ही भराल का, आणि नाही म्हणालात तर कराराप्रमाणे काय होईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कंपनीकडून लेखी मागता येते.